उजवीकडे पाच वेढे

आप्पांना ऐकू येत नाही, ही घरातल्या सगळ्यांच्या सोयीची गोष्ट होती. सगळ्यात जास्त सोय खुद्द आप्पांची.

सकाळी आठ वाजता शहराच्या पाण्याच्या टाकीच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या दोन खोल्यांत चौघं जमली होती. आप्पा, त्यांची थोरली, त्यांचा धाकटा आणि आत्या. चौघं एका छताखाली शेवटची आली त्याला चार वर्षं झाली असतील, आणि आजही कुणी कुणाला भेटायला आलं नव्हतं. चावी न्यायला आली होती. या घरात माणसं माणसांसाठी जमतच नाहीत. आई गेली त्या दुपारीसुद्धा आप्पा तिच्या उशाशी पंधरा मिनिटं बसले आणि गळका सांधा बघायला निघून गेले. शहराला पाणी मिळालं. शहर न्हायलं, धुतलं, भांडी घासली. त्याला काय माहीत?

"आप्पा, चावी!" धाकटा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला. "चार दिवस मागतोय मी!"

चावी दारामागे उभी होती. पुरुषभर उंचीची लोखंडी दांडी, वर दोन्ही हातांनी धरायला आडवा दांडा, खाली चौकोनी टोपण. टाकीखालच्या मोठ्या व्हॉल्व्हला दुसरी कुठलीच लागत नव्हती. आप्पा निवृत्त झाले, पण चावी निवृत्त झाली नाही. पाणीखात्यातच लाइनीच्या कामावर असलेली थोरली कामापुरती येऊन न्यायची आणि काम झालं की परत दारामागे उभी करून जायची. बाकी कुणाला तिला हात लावायची परवानगी नव्हती.

"आधी कागद दाखव," आप्पा म्हणाले.

"बघ, ओरडलेलं ऐकू येत नाही, पण कागद मागायला बरोबर सुचतं," आत्या चहा गाळताना म्हणाली. ती आप्पांची धाकटी बहीण. सत्तरी ओलांडली तरी जिभेची धार तशीच.

धाकट्याने कागद टेबलावर पसरला. तो पाणीखात्यात इंजिनिअर होता, कचेरीत बसायचा, म्हणून घरात त्याला 'साहेब' म्हणत, आणि म्हणताना कुणी मान देत नसे. कागदावर त्याने सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. ते त्याला थोरलीनेच सांगितलं होतं. आप्पांना नीट वाचता यायला हवं, म्हणाली होती.

दवाखान्यासमोरची मोठी लाइन गळत होती. नव्वद वर्षांची बिडाची लाइन. पाणी बंद करायची सोय नव्हती, कारण दवाखान्यात रक्त शुद्ध करायच्या मशीनला सतत पाणी लागतं आणि त्या मशीनला माणसं जोडलेली असतात. म्हणून वाहत्या पाण्यातच दुरुस्ती करायची होती. फुटक्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना चालू लाइनीवरच भोकं पाडून झाली होती. बाजूने तात्पुरता पाइपही जोडला होता. आज त्या भोकांतून आत बुचं उतरवायची, पाणी बाजूच्या पाइपाने वळवायचं आणि मधला तुकडा कापून नवा घालायचा. नळाखाली हात धुणाऱ्याला कळताही कामा नये.

"बूच उतरताना प्रेशर कमी पाहिजे," धाकटा ओरडून सांगत होता. "सहा किलोचं साडेतीन! म्हणून हा इथला व्हॉल्व्ह आवळायचा! मी स्वतः उभा राहणार!"

आप्पांचं बोट कागदावरून खाली सरकत गेलं. शेवटच्या ओळीवर थांबलं.

*टाकीखालचा व्हॉल्व्ह : उजवीकडे पाच वेढे.*

थोरली त्यांच्या बोटाकडे बघत होती. सत्तावन्न वर्षांची बाई, बत्तीस वर्षं खड्ड्यांत उतरलेली. पण या क्षणी ती शाळेतल्या मुलीसारखी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती. बोला, आप्पा. कागदावर आहे. ऐकू आलं नाही म्हणायची सोय नाही.

बोट तिथेच राहिलं. मग आप्पांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "न्या."

*

थोरली बाहेर आली आणि पायरीवर बसून बूट घालायला लागली. आत्या मागोमाग आली.

"काय गं, भूत बघितल्यासारखा चेहरा झालाय."

"आत्या, काका खरं बोलत होता."

आत्याचा हात दाराच्या चौकटीवर गेला.

काकाचं नाव या घरात एकतीस वर्षं कुणी काढलं नव्हतं. काका म्हणजे आप्पांचा पाठचा भाऊ. दोघं एकाच खात्यात, एकाच पाळीत. त्या दिवशी आप्पा खाली खड्ड्यात होते आणि काका इथे चावीवर. आप्पांनी प्रेशर कमी करायला सांगितलं. प्रेशर वाढलं. सांधा उडाला, रस्ता खचला आणि शिशाचे सांधे भरणाऱ्या मिस्त्रींचा पाय गुडघ्याखाली गेला. चौकशीत काका एकच वाक्य बोलत राहिला : मी उजवीकडेच फिरवली, सगळे व्हॉल्व्ह बंद होतात तशी. आप्पा म्हणाले, व्हॉल्व्हमध्ये दोष नाही, मी तपासला. दोघांत मुकादम आप्पा होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तेव्हा कुणी म्हणालं नाही, कारण चोर कोण हे कुणाला माहीतच नव्हतं. काकाची नोकरी गेली, मग काका घर सोडून गेला. दारू पिऊन चावी फिरवली असेल, असंही लोक म्हणाले. काका चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायचा.

"हा व्हॉल्व्ह उलटा आहे," थोरली नाडी बांधत म्हणाली. "उजवीकडे फिरवला की उघडतो. डावीकडे बंद होतो. आप्पांनीच बसवलाय. भांडारातून वेगळ्या बनावटीचा आला, शहर कोरडं पडायला नको म्हणून तोच बसवला, आणि सांगायचं राहिलं. काकालासुद्धा."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला? निवृत्तीनंतरही काही वर्षं आप्पाच येऊन फिरवायचे. ते थकल्यावर पहिल्यांदा मी फिरवला, एक वेढा. काटा वर चढला. मला घाम फुटला. लगेच परत घेतला. बाकीचं भांडाराच्या जुन्या वहीत सापडलं."

"कधी झालं हे?"

थोरलीने नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "सतरा वर्षं."

"सतरा वर्षं तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस?"

"काय सांगणार होते? आप्पांनी एका भावाला बुडवलं म्हणून? आप्पा खोटे पडले की या घरात खरं काय उरतं, आत्या? एक बाप होता, तोही चावीला बांधलेला. तेवढाच होता."

"मग आज कशाला सांगतेस?"

"पुढच्या महिन्यात मी निवृत्त. माझ्यानंतर जो येईल तो उजवीकडेच फिरवणार. म्हणून साहेबाला कागदावर लिहायला लावलं. आप्पांनी बोलायचं. मी नाही."

"आणि नाही बोलला तर?"

"खड्ड्यात मी एकटीच असणार आहे. बाकीच्यांना वर काढते."

आत्या फाडकन म्हणाली, "तुझ्या डोक्यातसुद्धा पाणीच भरलंय! बापाला धडा शिकवायला स्वतः मरणार?"

"काटा हलला तर मी ओरडेन."

"नव्वद वर्षांचा पाइप थांबेल होय तुझ्या ओरडण्यासाठी?"

थोरली उठली. जाता जाता वळली. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "आप्पा बोलले ना, तर काकाला फोन करशील? तुझ्याकडे नंबर आहे, मला माहीत आहे. म्हणावं, घरी ये."

आत्याने पदराने तोंड पुसलं आणि ती आत गेली.

*

आप्पा खुर्चीत बसले होते. खिडकीतून त्यांना व्हॉल्व्हचं चेंबर दिसत होतं. साहेब झाकण उचलायला दोन माणसांना हुकूम सोडत होता; स्वतःच्या पॅन्टचा काठ धरून.

आत्या समोर येऊन उभी राहिली. ओठ हलत होते. आप्पांनी नजर खिडकीवरच ठेवली. बहिरेपणाचा हा फायदा. समोरच्याच्या तोंडाकडे बघितलं नाही की जग बंद. पण ही बाई लहानपणापासून तशीच, तिने त्यांची हनुवटी धरून तोंड फिरवलं.

"दादा! खड्ड्यात कोण आहे?"

"थोरली."

"आणखी कोण?"

"असतील की चार माणसं."

"कुणी नाही! एकटी आहे! सगळ्यांना वर काढलंय तिने! का, सांगू?" आत्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. "तिला माहीत आहे! सतरा वर्षांपासून माहीत आहे!"

आप्पांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

सतरा वर्षं. म्हणजे ती दर वेळी चावी न्यायची, डावीकडे फिरवायची, परत आणून उभी करायची आणि म्हणायची, झालं आप्पा. आणि ते म्हणायचे, ठीक; कशी फिरवलीस, हे त्यांनी कधी विचारलं नाही. दोन माणसं एकाच खोलीत बसून एकच गोष्ट लपवत होती, एकमेकांपासून. त्यांना वाटत होतं आपण एकटेच आहोत. एकटं असण्याची त्यांना इतकी सवय झाली होती की सोबत आहे हे कळल्यावर बरं वाटण्याऐवजी लाज वाटली.

तो व्हॉल्व्ह बदलायचा किती वेळा मनात आलं होतं. पण बदलायचा तर शहराचं पाणी तोडावं लागलं असतं. आणि सगळ्या खात्यात मिरवलेलं एकच वाक्य होतं त्यांच्याकडे : माझ्या हाताने शहर कधी कोरडं पडलं नाही. त्या वाक्यापायी चूक जमिनीत तशीच राहिली. लाइन चालू होती ना.

"ऊठ!" आत्या म्हणाली. "का हिलाही घालवतोस?"

*

साहेबाने चावी व्हॉल्व्हवर बसवली आणि फोन स्पीकरवर टाकून चेंबरच्या काठावर ठेवला. खाली दवाखान्यासमोरच्या खड्ड्यातून थोरल्या ताईचा आवाज आला, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा.

"बूच तयार. काटा सहावर आहे. एकेक वेढा मोजून सांग. मी 'हां' म्हटल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही."

"ताई, तिथे दुसरं कुणी का नाही? नियमाने दोन माणसं पाहिजेत."

"साहेब, नियम कचेरीत. फिरवा."

त्याने आडवा दांडा धरला. हात गुळगुळीत, चावीवर नीट बसेनात. त्याला नेहमी वाटायचं की आप्पा आणि ताई यांच्यात काहीतरी आहे, ज्यात आपल्याला जागा नाही. लहानपणी ती दोघं जमिनीला सळई लावून पाणी ऐकायची आणि हा बाजूला उभा राहून विचारायचा, मला ऐकू येईल का? कुणी सळई पुढे केली नाही. म्हणून तो शिकला, पुस्तकातून. आज पहिल्यांदा त्याच्या हातात चावी होती.

त्याने उजवीकडे जोर लावला. चावी जागची हलेना.

"थांब."

आप्पा. चपला न घालता आले होते. मागे आत्या, धापा टाकत.

"आप्पा, तुम्ही घरात बसा! मी करतो!"

"हात काढ."

"अहो, सगळं ठरलंय! कागद तुम्हीच वाचलात ना!"

"कागद चूक आहे." आप्पांना स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे, म्हणून ते नेहमी गरजेपेक्षा मोठ्याने बोलत. चेंबरभोवतीची माणसं, रस्त्यापलीकडचा सायकल दुरुस्तीवाला, सगळी वळून बघायला लागली. "हा व्हॉल्व्ह उलटा आहे. डावीकडे बंद होतो. मी बसवलाय. भावाला मी सांगितलं नव्हतं. चौकशीत मी खोटं बोललो. त्याने बरोबरच फिरवली होती."

साहेब कधी बापाकडे, कधी आत्याकडे बघत होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. मग त्याने चावीवरून हात काढले. जणू ती तापली होती.

"म्हणजे मी जर आत्ता..."

"हो," आप्पा म्हणाले.

"ताईला माहीत होतं?" साहेबाचा आवाज चिरकला. त्याने फोनकडे बघितलं. "ताई, तुला माहीत होतं? आणि माझ्या हातून..."

"फिरवू दे त्यांना," फोनमधून आवाज आला. "नंतर मार मला."

आप्पांनी चावी धरली. त्र्याऐंशी वर्षांचे हात, पण कुठे धरायचं ते हातांना पाठ होतं. कमरेतून जोर देत त्यांनी डावीकडे एक वेढा घेतला.

"एक!"

"हां," फोन म्हणाला. आप्पांना ते ऐकू आलं नाही. साहेबाने हात वर करून खूण केली.

"दोन!"

खूण.

"तीन!"

चौथ्याला चावी अडली. साहेब पुढे झाला, दांड्याचं दुसरं टोक त्याने धरलं, आणि बाप-लेकाने मिळून वेढा घेतला. पाचवाही.

फोनमधून नुसती खालच्या रस्त्यावरची गाड्यांची घरघर. मग ताई म्हणाली, "साडेतीन. बूच बसलं. कापायला घेते."

दवाखान्यात कुणाच्या मशीनने कूंसुद्धा केलं नाही.

साहेबाने कागद चेंबरच्या काठावर पसरला आणि पेन पुढे केलं. आप्पांनी 'उजवीकडे' खोडलं, वर 'डावीकडे' लिहिलं. खाली सही केली. कुणी सांगितलं नव्हतं. मग ते काठावरच बसले आणि बहिणीला म्हणाले, "त्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे? लाव."

आत्या उभीच होती.

"लाव की. मी बोलतो. तो शिव्या देईल, देऊ दे. मला कुठे ऐकू येतायत." ते हसले. फार वर्षांनी हसले असावेत, कारण हसू तोंडावर नीट बसलं नाही.

"दादा, तो गेला," आत्या म्हणाली.

"काय?"

"तो गेला."

आप्पांनी कानामागे हात धरला. "मोठ्याने बोल."

आत्याने डोळे मिटले. या गोष्टी हळू आवाजात सांगायच्या असतात, बाजूला नेऊन, हात हातात घेऊन. पण हा माणूस बहिरा आणि रस्ता वाहता. तिने छातीत श्वास भरला आणि भर रस्त्यात, सायकलवाल्याच्या, कामगारांच्या, चालू फोनच्या देखत ओरडली, "तो मेला, दादा! दोन वर्षं झाली! शेवटी मीच होते त्याच्याजवळ! मला म्हणाला, दादाला आपणहून सांगू नकोस! त्याने विचारलं तरच सांग! तू विचारलंच नाहीस!"

आप्पांचा हात कानामागेच राहिला.

फोनमधून करवतीचा आवाज येत होता. तो थांबला. सतरा वर्षांतली पंधरा वर्षं काका जिवंत होता, हा हिशेब खड्ड्यातल्या बाईला कुणी मांडून दाखवायची गरज नव्हती.

"ताई?" साहेब फोन उचलून म्हणाला. "ताई, वर ये. मी दुसऱ्याला पाठवतो."

"नको," ती म्हणाली. "पाइप उघडा आहे."

आणि करवत पुन्हा सुरू झाली.

*

नवा तुकडा बसायला संध्याकाळचे पाच वाजले. तोवर आप्पा चेंबरच्या काठावरून हलले नाहीत. त्यांचाच नियम होता : घेतलेले वेढे परत दिल्याशिवाय चावीवाल्याने जागा सोडायची नाही. आत्याने दुपारी ताट आणून ठेवलं, तसंच उचलून नेलं. सायकलवाल्याने एक चहा पाठवला, त्यावर साय धरली. साहेब दोनदा येऊन बसला. दोन्ही वेळा त्याला काही बोलायचं होतं, आणि ओरडून बोलण्यासारखं ते नव्हतं.

बुचं निघाली असा फोन आला तेव्हा आप्पांनी पाचही वेढे परत दिले. उजवीकडे. मोठ्याने मोजले. खालून 'हां' म्हणायला आता कुणी नव्हतं, कारण थोरली चालत वर यायला निघाली होती.

ती आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता, आणि डोळे लाल. ते लोखंडाच्या कणांनी झाले असतील. ती आप्पांच्या शेजारी बसली. एकमेकांना हात लावायची या घरात पद्धत नव्हती. त्यांनीही लावला नाही.

"त्याला वाटलं असेल, एखाद्या दिवशी मी विचारेन," आप्पा म्हणाले.

थोरलीलाही एखाद्या दिवशी सांगायचं होतं.

मग आप्पांनी सवयीने तिच्या हातातली ऐकायची सळई घेतली, एक टोक खाली लाइनीवर टेकवलं, दुसरं कानाला लावलं. डोळे मिटले. पन्नास वर्षं या सळईतून त्यांना शहर ऐकू यायचं; कुठे गळतंय, कुठे अडलंय, कुठे सुरळीत आहे. ते बराच वेळ तसेच बसले. सळई कानाला इतकी दाबली की कातडी पांढरी पडली.

"चालू आहे का?" त्यांनी शेवटी विचारलं.

थोरलीने सळई आपल्या कानाला लावली. पाणी चाललं होतं. भरून, एकसारखं, कुठे खंड नाही, जसं काही घडलंच नव्हतं.

"चालू आहे," ती म्हणाली.

तिने ते ओरडून सांगितलं नाही, म्हणून त्यांना ते ऐकू आलं नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले, उत्तराची वाट बघत.